बालपणाचे दुःख आणि कथनाचा अधिकार

१

आत्मचरित्रकाराने आपल्या बालपणातील दुःख किती उघडपणे सांगावे, हा प्रश्न मराठी समीक्षेत बहुतेक वेळा अभिरुचीच्या अंगाने चर्चिला गेला आहे. कथन भडक झाले आहे काय, अनुभव पुरेसा पचवला गेला आहे काय, लेखकाने कलात्मक अंतर राखले आहे काय, अशा स्वरूपात तो उपस्थित होतो. हे प्रश्न गैरलागू नाहीत; परंतु त्यांच्याआधी एक प्रश्न येतो आणि तो नैतिक स्वरूपाचा आहे. जे घडले ते सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, ते सांगताना इतर कोणाचे आयुष्य उघडे पडते आणि ऐकणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर दिल्याखेरीज वाङ्मयीन मूल्याची चर्चा अधांतरी राहते.

उघड कथनाविरुद्ध सामान्यतः तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप लाजेचा आहे: घरातले घरात राहावे, ते चव्हाट्यावर आणल्याने घराण्याची अथवा जातीची अब्रू जाते. दुसरा हेतूविषयी आहे: लेखक दुःखाचे भांडवल करतो, वाचकाची कणव मिळवून तिच्यावर प्रतिष्ठा उभारतो. तिसरा आक्षेप वाङ्मयीन म्हणवला जातो: केवळ भोगलेले सांगणे म्हणजे साहित्य नव्हे, ती कच्ची सामग्री होय. या तिन्ही आक्षेपांत तथ्याचा अंश आहे आणि म्हणूनच ते झटकून टाकता येत नाहीत. मात्र ते प्रौढ माणसाच्या कोणत्याही दुःखाला सारख्याच रीतीने लागू करता येतात. बालपणाच्या दुःखाचे जे वेगळेपण आहे त्याची दखल त्यांत घेतलेली नसते.

हे वेगळेपण तीन प्रकारचे आहे. मुलाला आपल्यावर काय गुदरते आहे हे सांगण्यासाठी भाषा नसते. मार, उपासमार, अपमान अथवा स्पर्श यांना नाव देणारे शब्द मोठ्यांच्या ताब्यात असतात. दुसरे असे, की मुलाला निवड नसते. घर, जात, आईबाप यांपैकी काहीही त्याने पत्करलेले नसते आणि काहीही सोडून जाणे त्याला शक्य नसते. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. दुःख देणारे हात आणि भाकरी भरवणारे हात पुष्कळदा एकच असतात. त्यामुळे मूल ज्या क्षणी दुःखी असते त्याच क्षणी ते दुःख देणाऱ्यावर अवलंबूनही असते, नव्हे, त्याच्यावर प्रेमही करीत असते. परिणामी बालपणाच्या दुःखाला त्या काळात बहुधा साक्षीदार मिळत नाही. जे मूल भोगते ते बोलत नाही, आणि जो पुढे बोलतो तो आता मूल राहिलेला नसतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुकल्या मुलींवरील लैंगिक अत्याचाराची तक्रार पुढे आली आणि २० ऑगस्ट रोजी हजारो माणसे स्थानकातील रुळांवर उतरली. त्या मार्गावरील लोकल वाहतूक अनेक तास थांबली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. उल्हास नदीच्या काठचे, चाकरमान्यांच्या वस्तीने वाढलेले हे गाव त्या दिवशी मुलांच्या वतीने बोलले. मुलांच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते, कारण मुले स्वतः बोलू शकत नाहीत, हे या घटनेतून जितक्या कठोरपणे दिसले तितके क्वचितच दिसते. कायद्याची भूमिकाही येथे लक्षणीय आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम, ज्याला व्यवहारात ‘पोक्सो’ म्हणतात, एकीकडे असा अपराध ठाऊक असणाऱ्याने तो कळवलाच पाहिजे असे बंधन घालतो आणि दुसरीकडे प्रसारमाध्यमांना बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करतो. म्हणजे कृत्य उघडे व्हावे, नाव झाकलेले राहावे, असा हा दुहेरी दंडक आहे.

आत्मचरित्र नेमके याच्या उलट दिशेने जाते. तेथे नाव मुखपृष्ठावर छापलेले असते. कायद्याने ज्या आवरणाची व्यवस्था केली ते आवरण प्रौढ झालेला लेखक स्वतःच्या हाताने दूर करतो. समाजाने बालकाचे नाव झाकणे आणि त्या बालकाने मोठेपणी ते स्वतः उघडणे या दोन्ही कृती परस्परविरोधी वाटल्या तरी त्या एकाच तत्त्वावर उभ्या आहेत. ते तत्त्व असे, की या दुःखावर पहिला हक्क ते भोगणाऱ्याचा आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख या तत्त्वाची मराठी आत्मकथनाच्या संदर्भात तपासणी करण्याचा आहे.

२

मराठी परंपरेत या प्रश्नाविषयी एकच एक भूमिका आढळत नाही. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेल्या भावंडांची कथा महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु ज्ञानेश्वरीत त्या बालपणाचे गाऱ्हाणे नाही. तेथे दुःख मागे सरते आणि विश्वाच्या कल्याणाचे मागणे पुढे येते. मौनाच्या बाजूचा सर्वांत वजनदार दाखला हाच आहे. मात्र त्याच परंपरेत सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनपर अभंगही आहेत. बालवयात वयाने कितीतरी मोठ्या बिजवराशी झालेला विवाह, कुटुंबाची वणवण, जीव लावलेल्या वासराचा मृत्यू आणि कीर्तनाच्या ओढीपायी पतीकडून झालेली मारहाण हे सारे बहिणाबाईंनी सांगितले आहे. त्यांच्या निवेदनाला पूर्वजन्मांची आणि पातिव्रत्याच्या कल्पनेची चौकट आहे, हे खरे. दुःख सांगितले जाते, परंतु दुःख देणाऱ्या व्यवस्थेला प्रश्न विचारला जात नाही. तरीही मारहाणीची नोंद झाली, ही गोष्ट उरते. चौकट मान्य करूनही नोंद करता येते, याचा तो पुरावा आहे.

आधुनिक काळात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाने, ज्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले, तिसरी रीत दाखवली. सोवळ्याच्या अतिरेकाने साऱ्या घराला जेरीस आणणारे वडील आणि त्या घरातले लहानपण लक्ष्मीबाई हसत सांगतात. या विनोदाला दुःखाचा नकार समजणे चूक ठरेल. त्या वेडामागे १८५७ च्या उठावानंतर घरावर कोसळलेला आघात होता, हेही त्या सांगतात. वडिलांचा जाच आणि वडिलांचे दुःख एकाच नजरेत मावतात, ही त्या विनोदाची नैतिक कमाई आहे.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’ने मात्र मराठी मनावर दुसराच नमुना ठसवला. तेथे दारिद्र्य आहे, अपमान आहे, आईचा मार आहे, तिचा अकाली मृत्यू आहे; परंतु प्रत्येक दुःखाचे संस्कारात रूपांतर झालेले आहे. रात्रीमागून रात्री श्याम जे सांगतो ते आईविषयीच्या कृतज्ञतेत विलीन होते. या पुस्तकाचे सामर्थ्य वादातीत आहे. प्रश्न त्या नमुन्याच्या सक्तीचा आहे. बालपणीचे दुःख सांगायचेच असेल तर ते शेवटी उपकारक ठरले पाहिजे, ही अपेक्षा त्या नमुन्यातून निपजली. ज्या मुलाचे दुःख कोणत्याही संस्कारात परिणत झाले नाही, ज्याला उपासमारीने फक्त उपाशी ठेवले आणि माराने फक्त भित्रे केले, त्या मुलाला या नमुन्यात जागा उरली नाही.

३

ती जागा १९७८ नंतरच्या आत्मकथनांनी निर्माण केली. दया पवारांचे ‘बलुतं’ त्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यामागोमाग प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आणि माधव कोंडविलकरांचे ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’ ही १९७९ मधील, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हे १९८४ मधील, तर आनंद यादवांचे ‘झोंबी’ हे १९८७ मधील पुस्तक आले. या लेखनाची चर्चा प्रामुख्याने जात, शोषण आणि विद्रोह या कोटींतून झाली, आणि ते योग्यही होते. पण यांतील बहुतेक पुस्तकांचा मोठा भाग बालपणाने व्यापलेला आहे, या वस्तुस्थितीकडे पुरेसे लक्ष गेले नाही. व्यवस्था म्हणून जात कळण्याच्या फार आधी ती मुलाला भूक, शिवी आणि शाळेतली वेगळी बसण्याची जागा या रूपांत भेटते. म्हणून जातीचे सत्य सांगू पाहणाऱ्याला बालपणाकडे वळणे भागच पडते.

‘बलुतं’ची रचना या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे दया पवार आणि दगडू मारुती पवार ही एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर येतात. शिकलेल्या, शहरी, लेखक झालेल्या माणसाला दगडू आपली कहाणी ऐकवतो. या युक्तीकडे केवळ निवेदनतंत्र म्हणून पाहिले तर तिचा अर्थ निसटतो. मूल बोलू शकत नाही आणि बोलणारा मूल नसतो, ही जी अडचण आरंभी नोंदवली तिलाच ही रचना भिडते. लेखक मुलाच्या वतीने बोलत नाही. तो मुलाचे ऐकून घेतो. त्या मुलाला लहानपणी न मिळालेला साक्षीदार त्याला उशिरा का होईना स्वतःमध्येच मिळतो.

अशा पुस्तकांवर आक्षेप केवळ पांढरपेशा वाचकाने घेतले असे नाही. नव्याने स्थिरावू पाहणाऱ्या दलित मध्यमवर्गातूनही नाराजी व्यक्त झाली. जे मोठ्या कष्टाने मागे टाकले ते पुन्हा जगासमोर का मांडायचे, ही ती नाराजी होती आणि ती समजण्याजोगी आहे. ज्याला चाळीत, कचेरीत, मुलीच्या सोयरिकीत रोज आपली ओळख जपून वावरावे लागते त्याच्या दृष्टीने हे कथन धोक्याचे असते. परंतु लाजेच्या या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. लाज भोगणाऱ्याची आहे, असे ते गृहीत होय. ‘अक्करमाशी’त शेणातून निवडलेले जोंधळ्याचे दाणे धुऊन, दळून त्यांची भाकरी करणारी आजी येते. या प्रसंगात लाज कोणाची? ती आजीची नाही. नातवाची तर नाहीच. ज्या गावात कोठारे भरलेली असताना एका म्हातारीवर ही पाळी आली त्या गावाची ती लाज आहे. प्रसंग झाकून ठेवला तर लाज मुलाच्या अंगाला चिकटून राहते. सांगितला तर ती ज्याची आहे त्याच्याकडे परत जाते. उघड कथनाचे पहिले मूल्य लाजेच्या या पुनर्वाटपात आहे.

वडिलांच्या नावाचा रकाना हा याच प्रक्रियेचा दुसरा दाखला म्हणता येईल. लिंबाळे यांच्या आत्मकथनात बापाने आपले न म्हटलेल्या मुलाला ‘तू कोणाचा’ हा प्रश्न पदोपदी भेटतो. ‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन १९९४ साली प्रसिद्ध करताना डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी मुखपृष्ठावरील स्वतःच्या नावात आईचे नाव घातले. लहानपणी ज्या रिकाम्या जागेने छळले ती जागा मोठेपणी आईच्या नावाने भरली गेली. तीस वर्षांनी, २०२४ साली, महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव बंधनकारक केले. या दोहोंत कार्यकारण जोडण्याचे कारण नाही. तरीही एका मुलाची जखम म्हणून जे प्रथम सांगितले गेले ते कालांतराने साऱ्या समाजाच्या विचाराचा विषय होऊ शकते, एवढे त्यावरून ध्यानात येते.

४

आता वाङ्मयीन आक्षेपाकडे वळता येईल. भारतीय साहित्यशास्त्रात करुण रसाची जी उपपत्ती आहे तिच्या मुळाशी साधारणीकरणाचे तत्त्व आहे. शोक जोवर अमक्याचा शोक असतो तोवर तो दुःखद असतो. व्यक्तिसंबंधापासून सुटला की तो आस्वाद्य होतो. क्रौंचवधाच्या प्रसंगाचे विवरण करताना अभिनवगुप्ताने ‘लोचना’त हे मुद्दाम बजावले आहे, की हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये. तो तसा असता तर दुःखाने व्याकुळ झालेल्या मुनीकडून काव्य घडले नसते. आत्मकथनावरील ‘कच्चा अनुभव’ हा आक्षेप जाणता-अजाणता याच उपपत्तीचा आधार घेतो.

पण आत्मकथनाचा घाटच असा आहे, की तेथे शोक मुनीचाच असावा लागतो. फिलिप लेजून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ साली मांडलेली ‘आत्मचरित्रात्मक करारा’ची कल्पना हेच सांगते: लेखक, निवेदक आणि ज्याच्याविषयी सांगितले जाते ती व्यक्ती यांचे नाव एकच असल्याचे वचन लेखक वाचकाला देतो. या वचनामुळे संपूर्ण साधारणीकरण अशक्य होते. रंगभूमीवरील सीतेच्या दुःखाने पाणावलेला प्रेक्षक नाट्यगृहाबाहेर पडताना सीतेसाठी काही करावयाचे आहे असे मानत नाही. शेणातल्या दाण्यांची भाकरी पाहिलेला मुलगा मात्र खरोखर होता. त्याच्या वयाची, त्याच्या भुकेची मुले वाचकाच्या गावातही असतात. येथे वाचकाला निखळ आस्वादाचा आश्रय घेता येत नाही.

यावरून दोन निष्कर्ष संभवतात. एक असा, की आत्मकथन हे रससिद्धांताच्या कसोटीला उतरत नसल्यामुळे गौण साहित्य होय. दुसरा असा, की रससिद्धांताची कसोटी या प्रकाराला पुरेशी नाही. यांपैकी दुसरा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो. परंतु तो स्वीकारताना अभिनवगुप्ताने दिलेला इशारा विसरून चालणार नाही. दुःखाने व्याकुळ असलेला माणूस दुःखाचे रूप पाहू शकत नाही, हे त्याचे निरीक्षण आत्मकथनालाही लागू आहे. फरक एवढाच, की आत्मकथनकाराला अपेक्षित असलेले अंतर हे दुःखापासूनचे अंतर नसून आजच्या स्वतःपासूनचे अंतर असते. आजचा रोष, आजची प्रतिष्ठा, आजची कणव हे सारे त्या मुलाच्या अनुभवावर चढणार नाही याची दक्षता म्हणजे ते अंतर. ‘बलुतं’मधील दगडू आणि दया पवार यांच्यातील अंतर याच जातीचे आहे.

दुःखाच्या भांडवलाविषयीचा आक्षेपही येथेच तपासून घेतला पाहिजे. लेखकाच्या हेतूचा थांग लावणे समीक्षेच्या आवाक्यातले नाही. संहितेत काय दिसते एवढेच तिला पाहता येते. आणि संहितेत एक खूण निश्चित सापडते: निवेदक स्वतःला कितपत मोकळे सोडतो ती. रूसोच्या ‘कबुलीजबाबा’त तरुणपणी केलेल्या एका फितीच्या चोरीचा आळ निरपराध मोलकरणीवर घातल्याची कबुली आहे, त्या कबुलीवाचून त्याच्या साऱ्या गाऱ्हाण्यांची किंमत कमी झाली असती. ‘बलुतं’मध्येही दगडू आपला भित्रेपणा आणि संशयीपणा लपवीत नाही. दुःख भोगलेला माणूस त्या दुःखामुळे आपोआप निर्मळ होत नाही, उलट ते दुःख पुढे दुसऱ्याच्या वाट्याला घालण्याची शक्यता त्याच्यात असते, हे ज्या कथनात मान्य केलेले असते त्याच्यावर भांडवल केल्याचा आरोप टिकत नाही.

५

सर्वांत अवघड आक्षेप मात्र या तिहींपैकी नाही. तो इतरांच्या अधिकाराचा आहे. कोणाचेही बालपण त्याच्या एकट्याचे नसते. मुलाच्या दुःखाची गोष्ट म्हणजे आईच्या असहायतेची, बापाच्या व्यसनाची, बहिणीच्या लग्नाची गोष्ट असते. लेखक स्वतःचे आवरण दूर करतो तेव्हा त्याच हाताने इतरांचेही आवरण सरते, आणि त्यांची संमती घेतलेली असतेच असे नाही. ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये आईपासून दुरावलेल्या मुलाचे दुःख सांगताना तिने सोसलेले तमाशातले जिणे सांगावेच लागते. भोगणाऱ्याचा हक्क हे तत्त्व येथे स्वतःशीच भांडू लागते, कारण भोगणारे दोन आहेत.

या प्रश्नाची एक बाजू बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या १९८६ साली पुस्तकरूप झालेल्या आत्मकथनात दिसते. त्यांनी ते घरच्यांपासून लपवून लिहिले आणि हस्तलिखित कित्येक वर्षे दडवून ठेवले. त्यांनी आजोळच्या गावातले लहानपण, महारवाड्यातली उपासमार, सासुरवाशिणींचे हाल हे सारे निःसंकोचपणे मांडले. शीर्षकातले सर्वनामही अनेकवचनी आहे. स्वतःच्या संसारातील मारहाणीविषयी मात्र पुस्तकात त्या फारशा बोलल्या नाहीत. पुढे पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाच्या निमित्ताने झालेल्या मुलाखतीत त्यांनी ती सांगितली. अनेकवचनी दुःख सांगणे शक्य होते, एकवचनी सांगणे अवघड होते. त्या मौनाला अप्रामाणिकपणा म्हणता येणार नाही. काय सांगावे याइतकेच काय न सांगावे हेही ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असतो, याचे ते उदाहरण आहे.

मग इतरांविषयी सांगण्याची मर्यादा कोणती? संमती हा निकष पुरेसा नाही. ज्याने छळले त्याची संमती मागणे म्हणजे मौनाचा कायदा पुन्हा लागू करणे होय. येथे सत्तेचा निकष अधिक उपयुक्त ठरतो. मुलावर ज्याची सत्ता होती आणि ज्याने तिचा दुरुपयोग केला त्याला झाकण्याचे कर्तव्य त्या मुलावर कधीच येत नाही. परंतु जो त्या मुलाइतकाच अथवा त्याहून अधिक दुबळा होता त्याच्याविषयी सांगताना लेखकाने त्याची बाजू स्वतः मांडली पाहिजे, कारण ती मांडायला दुसरे कोणी येणार नाही. आईचा कठोरपणा सांगणाऱ्याने त्या कठोरपणामागची तिची कोंडीही सांगितली पाहिजे. ही अपेक्षा क्षमेची नाही. ती पूर्ण सत्याची आहे. अर्धे सत्य दुबळ्याविरुद्ध जाते तेव्हा ते असत्यापेक्षा अधिक अन्याय करते.

‘झोंबी’त या निकषाचे दोन्ही भाग एकत्र पाहायला मिळतात. शेतीच्या कामासाठी मुलाची शाळा बंद करणारा, मारझोड करणारा बाप तेथे कोणत्याही आवरणाशिवाय उभा राहतो. त्याचबरोबर बाळंतपणांच्या फेऱ्यात पिचलेली, नवऱ्याच्या धाकातली आई कधी मुलाची सोबतीण तर कधी त्याच्याइतकीच हतबल अशी दिसते. या पुस्तकातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. शाळेसाठी तळमळणारा मुलगा आणि त्याची आई गावातल्या वजनदार देसाईंकडे जाऊन घरातली हकीकत सांगतात. देसाई बापाला बोलावून खडसावतात आणि मुलाची शाळा पुन्हा सुरू होते. म्हणजे घरातले घराबाहेर सांगणे ही कृती त्या मुलाच्या आयुष्यात आत्मचरित्र लिहिण्याच्या कितीतरी आधी घडली होती, आणि तिच्यामुळेच पुढे लेखक घडू शकला. घरातले घरात राहावे हा संकेत त्या दोघांनी पाळला असता, तर तो मुलगा कागलच्या मळ्यातच राहिला असता.

६

स्मृतीच्या विश्वसनीयतेचा प्रश्न उरतो. चाळीस वर्षांनंतर आठवलेले संवाद, वास, रंग कितपत खरे मानावेत? ‘झोंबी’ला आत्मचरित्र म्हणावे की आत्मचरित्रात्मक कादंबरी, याविषयीची चर्चा याच शंकेतून उद्भवते. आयर्लंडमधील दारिद्र्याचे बालपण सांगणारे फ्रँक मॅकोर्ट यांचे ‘अँजेलाज ॲशेस’ १९९६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांच्या लिमरिक गावातील काहींनी तपशिलांवर हरकती घेतल्या होत्या. अशा हरकती क्षुल्लक समजू नयेत. वस्तुस्थितीशी बांधिलकी सोडली तर लेखकाने वाचकाला दिलेले वचनच मोडते आणि खरे बोलणाऱ्या पुढच्या माणसावरही अविश्वासाची सावली पडते.

तथापि तपशिलाचे सत्य आणि संबंधांचे सत्य यांत भेद करणे आवश्यक आहे. छडी कोणत्या हातावर बसली, वार कोणता होता, यात स्मृती चुकू शकते. मार बसला की नाही, तो कोणी मारला आणि मारताना इतर सारे गप्प होते की नाही, यात ती चुकता कामा नये. पहिल्या प्रकारची चूक मानवी आहे. दुसऱ्या प्रकारची चूक कोणावर तरी अन्याय करते. चांगला आत्मकथनकार आपल्याला नीट आठवत नसलेल्या जागा मोकळेपणाने दाखवतो, आणि त्यामुळेच आठवत असलेल्या जागांवर वाचक विश्वास ठेवतो. मुलांच्या साक्षीवर ‘लहान आहे, त्याला काय कळते’ म्हणून अविश्वास दाखवण्याची समाजाची सवय जुनी आहे. ‘फार जुने आहे, आता काय आठवणार’ असे म्हणणे ही त्याच सवयीची प्रौढ आवृत्ती ठरू नये, एवढी काळजी समीक्षेने घ्यावी.

७

या साऱ्या विवेचनातून उघड कथनाच्या मूल्याविषयी काही मर्यादित विधाने करता येतील. लिहिल्याने लेखकाचे दुःख हलके होते, असे सरसकट म्हणता येणार नाही. पुष्कळांसाठी लिहिणे म्हणजे तेच पुन्हा भोगणे असते. दुःख सांगणारा दुःख न सांगणाऱ्यापेक्षा अधिक धीट अथवा अधिक प्रामाणिक असतो, असेही नाही. मूल्य आहे ते अन्यत्र. ज्या मुलाला त्या वेळी साक्षीदार नव्हता त्याला असे कथन साक्षीदार मिळवून देते. लाज जिची आहे त्या व्यवस्थेकडे वळवते. आणि ज्यांना अद्याप आपल्या अनुभवासाठी शब्द नाहीत त्यांच्या हाती शब्द देते. ‘बलुतं’ने जी वाट मोकळी केली तिच्यावरून पुढे इतकी माणसे चालली, याचे कारण त्यांना आपलेही सांगण्याजोगे आहे हे तेथे प्रथम कळले.

या मूल्याला तीन अटी जोडलेल्या आहेत. निवेदकाने स्वतःलाही सूट देऊ नये. आपल्याहून दुबळ्या असलेल्यांची बाजू त्याने स्वतः मांडावी. आणि आठवण व अनुमान यांच्यातील सीमा त्याने पुसू नये. चौथी अट वाचकासाठी आहे. वाचकाने अश्रूंवर थांबू नये. पुस्तक मिटल्यावर शेजारच्या घरातले मूल त्याला अधिक स्पष्ट दिसले पाहिजे. ते तसे दिसत नसेल, तर त्याने केवळ आस्वाद घेतला. करारातील आपला वाटा त्याने पाळला नाही.

आणि या सर्वांवर एक मर्यादा आहे. कथनाचे मूल्य मान्य करणे म्हणजे कथनाची मागणी करणे नव्हे. बदलापुरातील जमावाने ज्यांच्यासाठी आवाज उठवला त्या मुली उद्या मोठ्या होतील. आपल्याविषयी एक सारे शहर बोलले, वर्तमानपत्रे बोलली, न्यायालय बोलले, हे त्यांना कधीतरी कळेल. ते बोलणे आवश्यक होते. पण ते त्यांचे बोलणे नव्हते. पुढे त्यांनी काही सांगावे की सांगू नये, सांगितल्यास कोणाला आणि कोणत्या शब्दांत, हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी त्यांचा राहील. त्यांचे नाव आज झाकण्यामागे जो आदर आहे तोच आदर त्यांनी उद्या मौन पत्करल्यास त्या मौनाला दिला पाहिजे, आणि त्या बोलल्याच तर त्यांना लाज आठवून देणारा कोणी उरू नये, याची तयारी समाजाने तोवर करून ठेवली पाहिजे. गेल्या पन्नास वर्षांतील मराठी आत्मकथनांनी ही तयारी काही अंशी केली आहे. उरलेली वाचणाऱ्यांनी करावयाची आहे.